कुंडींतील जिरॅनियम

डिसेंबरच्या थंडींत पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या रोपवाटिकेंत फुललेली जिरॅनियमची कुंडी दिसली, म्हणजे पाहणाऱ्याचा पाय तेथून निघत नाहीं. गोलसर, मऊ लव असलेलीं पानें, पानावर तपकिरी रंगाचें कडें, आणि उंच देंठावर लाल फुलांचा भरगच्च गुच्छ. कुंडी घरीं येते, गॅलरींत मानाची जागा मिळवते आणि फेब्रुवारीपर्यंत घराला शोभा आणते. एप्रिलांत ती मलूल होते. जूनमध्यें पाऊस लागतो, आणि जुलैअखेर कुंडींत एक काळा, लिबलिबीत दांडा उरतो. पुढल्या डिसेंबरांत पुन्हां नवी कुंडी! अनेक घरांत हा क्रम वर्षानुवर्षें चालतो, आणि इकडच्या हवेंत हें झाड टिकतच नाहीं असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. हा निकाल निम्माच खरा आहे. इकडची हवा या झाडाला फारशी सोयीची नाहीं हें कबूल. परंतु बहुतेक झाडें मरतात तीं पाण्यानें, आणि तें पाणी मोठ्या मायेनें घातलेलें असतें.

या झाडाचें माहेर दक्षिण आफ्रिकेच्या केप भागांत आहे. तेथील कोरड्या, खडकाळ उतारांवर तें वाढतें. अशा जमिनींत पाणी ठरत नाहीं, म्हणून झाडानें आपल्या जाड दांड्यांतच पाण्याची बेगमी करून ठेवलेली असते. हा एक स्वभाव ध्यानांत राहिला, तर निगेच्या बहुतेक गोष्टी आपोआप सुचत जातात.

नांवाची हकीकतहि मौजेची आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें कुंडींतलें हें झाड जिरॅनियम नव्हेच, तें पेलार्गोनियम. लिनिअसनें १७५३ सालीं दोघांना जिरॅनियम या एकाच नांवाखालीं बसविलें होतें. पुढें लेरिटिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें दिलेलें पेलार्गोनियम हें नांव १७८९ सालीं प्रसिद्ध झालें. पण तोंवर जुनें नांव बागवानांच्या तोंडीं इतकें बसलें होतें कीं तें आजतागायत सुटलेलें नाहीं. ग्रीक भाषेंत जेरानोस म्हणजे क्रौंच आणि पेलार्गोस म्हणजे बलाक. फूल झडल्यावर येणारें फळ पक्ष्याच्या लांब चोंचीसारखें दिसतें, त्यावरून हीं दोन्ही नांवें पडलीं. खरीं जिरॅनियमें हिमालयाच्या उतारांवर रानांत फुलतात. त्यांच्या पांचहि पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिहींहून निराळ्या असतात, मात्र बागेंतल्या संकरित जातींत हा भेद पुष्कळसा पुसला गेला आहे.

घरासाठीं जात निवडतांना पानावर कडें असलेली साधी जात सर्वांत सोशिक समजावी. आयव्हीसारख्या चकचकीत पानांची, खालीं लोंबणारी जात टांगत्या कुंडीला शोभते. मोठ्या, डौलदार फुलांची ‘रीगल’ जात मात्र मोहांत पडून घेऊं नये. तिला कळ्या धरण्यासाठीं बरेच दिवस थंडावा लागतो, आणि तो सखल प्रदेशांत मिळत नाहीं. गुलाबासारख्या वासाच्या पानांची एक जात आहे. तिचीं फुलें लहान व फिकीं, पण पान चुरगळलें कीं हात घमघमतो. तिच्यापासून काढलेलें तेल अत्तरांत व साबणांत वापरतात, आणि त्या तेलासाठीं अलीकडे महाराष्ट्रांतहि कांहीं शेतकरी तिची लागवड करतात.

कुंडी मातीची असावी, आणि लहान असावी. सहा ते आठ इंचांची पुरे. मोठ्या कुंडींत झाड पानें फार काढतें आणि फुलें थोडीं देतें. शिवाय मुळें पोंचलेलीं नसतात ती माती ओलीच राहते. भोंकावर खापरी ठेवून दोन भाग पोयट्याची माती, एक भाग नदीची जाड वाळू आणि एक भाग चांगलें कुजलेलें पानांचें खत घालावें. ताजें शेणखत नको.

पाण्याच्या बाबतींत घड्याळ किंवा वार पाहून चालत नाहीं. सकाळीं मातींत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहावें; ओल लागली तर त्या दिवशीं पाणी नाहीं. पाणी द्यायचेंच तर तळाच्या भोंकांतून बाहेर येईपर्यंत द्यावें, आणि बशींत सांचलेलें लगेच ओतून टाकावें. पानांवर शिंपडूं नये. येथें एक फसगत होते, आणि बहुतेक झाडें तिच्यापायींच जातात. मुळें कुजलीं कीं त्यांना पाणी ओढतां येत नाहीं, आणि झाड तहानेल्यासारखी मान टाकतें. पाहणाऱ्याला तें तहानलेलें वाटतें, आणि तो आणखी एक तांब्या ओततो. म्हणून मान टाकलेल्या झाडाला पाणी घालण्यापूर्वीं कुंडी उचलून पाहावी. ती हलकी लागली तर तहान खरी. जड लागली तर रोग आंत आहे.

हिंवाळ्यांत सकाळपासून दुपारपर्यंतचें ऊन त्याला हवें असतें. पारा ३० अंशांच्या वर चढूं लागला म्हणजे फुलें मंदावतात. तेव्हां कुंडी पूर्वेकडच्या बाजूला, दुपारच्या सावलींत न्यावी. जून लागतांच ती पागोळ्यांपासून दूर, पण वारा खेळता असेल अशा जागीं छपराखालीं ठेवावी, दाट झालेलीं आंतलीं पानें काढावीं, आणि पाणी अगदीं हात राखून द्यावें. महाबळेश्वर-पांचगणीचा उन्हाळा याला मानवतो, पाऊस मानवत नाहीं. मुंबईच्या व कोंकणच्या दमट हवेंत तर त्याला एका हंगामाचा पाहुणाच समजावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

फुलण्याच्या दिवसांत पंधरा दिवसांनीं एकदां पातळ खत द्यावें, पोटॅश अधिक असलेलें. नत्र फार झालें तर नुसता पाला माजतो. सुकलेला गुच्छ देंठासकट, सांध्यापाशीं मोडून काढावा. कोंवळे शेंडे खुडले तर झाडाला फाटे फुटतात. पानाच्या खालच्या बाजूस तांबूस-तपकिरी पुळ्यांचीं वर्तुळें दिसलीं तर तो तांबेरा होय. तीं पानें तोडून घरापासून दूर टाकावीं. घरांत मांजर किंवा कुत्रें असेल तर कुंडी त्याच्या तोंडाला लागणार नाहीं अशी ठेवावी, कारण हीं पानें त्यांना बाधतात.

एवढें करूनहि एखादें झाड पावसाळ्यांत जाणारच. यासाठीं जाणते बागवान एका कुंडीवर भिस्त ठेवीत नाहींत. फेब्रुवारीच्या सुमारास ते निरोगी, फूल नसलेल्या फाट्याचा तीन-चार इंचांचा शेंडा पेराच्या लगेच खालीं, धारदार पात्यानें कापतात; खालचीं पानें काढतात, आणि तो तुकडा कांहीं तास सावलींत तसाच ठेवून जखम सुकूं देतात. मग जाड वाळूंत खोंवून एकदां पाणी. गुलाबाच्या कलमाप्रमाणें त्यावर प्लॅस्टिकची पिशवी मात्र घालावयाची नाहीं; कोंडलेल्या दमटपणानें बुंधा काळा पडून कुजतो. तीन-चार आठवड्यांत मुळें धरतात. हीं रोपें चार इंचांच्या कुंड्यांत लावलीं म्हणजे थोडी माती लवकर वाळते आणि खिडकींतल्या खिडकींत पावसाळा निभावतो. सप्टेंबरअखेर त्यांचे शेंडे खुडावे, आणि खुडलेले शेंडेहि वाळूंत खोंवावे. डिसेंबरांत रोपवाटिकेंत नव्या कुंड्या येतात, तेव्हां या रोपांनाहि कळ्या धरूं लागलेल्या असतात.