अंगणातला दिवा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



"बागेतल्या दिव्यांविषयी चार शब्द सांगा," असे कार्यवाहबाईंनी मला म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात शोभेचीच गोष्ट असावी. तुळशीवृंदावनापाशी एक मंद दिवा, जाईच्या मांडवाखाली दुसरा, अशी शोभा कोणाला आवडत नाही? मलाही आवडते. पण आज मी बोलणार आहे ती दिव्याविषयी नव्हे, दिव्यापर्यंत जाणाऱ्या वायरीविषयी. कारण तिने आमच्या घरातले एक माणूस जवळजवळ नेले होते.

२०११ सालच्या श्रावणातली ही गोष्ट. वृंदावनापाशी दिवा हवा म्हणून मीच हौसेने स्वयंपाकघराच्या खिडकीतून साधी पांढरी वायर बाहेर काढली होती आणि कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला बांधून पलीकडे नेली होती. दोन उन्हाळे तिने काढले. उन्हाने तिचे वरचे आवरण कडक होऊन तडकले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्या संध्याकाळी पावसाची सर आली, जाऊबाई अनवाणी कपडे काढायला धावल्या आणि तारेला हात लागताच किंचाळून खाली पडल्या. मी त्यांना धरायला धावले, तोच "हात लावू नकोस!" असे ह्यांनी ओरडून सांगितले आणि आधी मेन स्विच बंद केला. जाऊबाई वाचल्या, कोपर मोडले तेवढेच. आणि मी कोण? एकोणतीस वर्षे शाळेत मुलींना ओहमचा नियम शिकवलेली बाई!

त्या दिवसानंतर मी तो नियम नव्याने शिकले. तोच आज तुम्हांला सांगते.

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. भागाकार केला तर शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. हृदयाची लय बिघडायला ह्याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. आता आपल्या बोर्डावरचा एमसीबी पाहा. तो असतो ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा. त्याला २३० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नव्हे. माणूस तारेला चिकटलेले असते आणि एमसीबीला वाटते, कुठेतरी पन्नास वॉटचा एक दिवा लागला! भगिनींनो, एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवणे हे त्याचे काम नव्हे.

माणसासाठी दुसरे उपकरण असते, त्याला आरसीसीबी म्हणतात. त्याचे काम दक्ष गृहिणीसारखे आहे. शेजारी किती वाट्या गेल्या आणि किती परत आल्या, ह्याचा ती हिशेब ठेवते ना? तसा हा, फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पुरती परत आली की नाही हे पाहतो. वाटेत कोणाच्या अंगातून जमिनीत गळती झाली, की क्षणार्धात पुरवठा तोडतो. माणसाच्या रक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा हवा. १०० किंवा ३०० चा चालणार नाही. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला नाही तर वायरमनला बोलवावे. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला आणि जमिनीकडे गळती झाली नाही, तर हाही वाचवू शकत नाही. म्हणून तो आहे म्हणून निष्काळजी राहू नये. अर्थिंगही चांगले हवेच.

आता वायर न्यायची कशी? घरातली वायर खिडकीतून बाहेर काढली म्हणजे ती बागेची वायर होत नाही. जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड केबल, म्हणजे लोखंडी तारांचे कवच असलेली केबल घ्यावी आणि ते कवचही अर्थिंगला जोडून घ्यावे. चर पाऊण मीटर, म्हणजे सुमारे अडीच फूट खोल असावा. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटांचा थर आणि मग माती. म्हणजे कुदळ आधी विटेवर आपटते. केबल कोठून गेली त्याचा नकाशा कागदावर काढून मेन बोर्डाच्या दारावर आतून चिकटवावा. आज ठाऊक असलेली जागा पाच वर्षांनी नव्या माळ्याला कशी ठाऊक असणार? जोड जमिनीत कधीही ठेवू नये. काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पावसाळ्यात टिकत नाही. जोड जमिनीच्या वर, झाकणाच्या पेटीत हवा आणि केबल पेटीत खालून शिरावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून आत जात नाही. दिव्यावर आयपी ६५ असा शिक्का पाहून घ्यावा. तो धूळ आणि पाण्याचे फवारे सोसतो. कुंपणाची तार, पत्रा आणि कपड्यांची दोरी ह्यांचा वायरीशी संबंध येऊ देऊ नये.

सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे १२ व्होल्टचे दिवे. त्यांचा सुरक्षित ट्रान्सफॉर्मर घरात किंवा वळचणीखाली बंद पेटीत ठेवावा. बागेत जातात ते फक्त १२ व्होल्ट. पाण्याच्या कुंडापाशी तर हेच हवेत. फक्त एक हिशेब करावा. पाच वॉटचे सहा दिवे १२ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतात. ते २० मीटर दूर असले आणि वायर दीड चौरस मिलिमीटरची असली, तर १२ पैकी सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि काही दिवे मिणमिणतात. अडीचची वायर घेतली तर ही घट पाऊण व्होल्टावर येते.

दिवाळीच्या माळांविषयीही सांगते. बल्ब मुगाएवढा असला तरी बोर्डात थेट खोचलेल्या माळेत घरातलीच २३० व्होल्टची वीज खेळत असते. ती लोखंडी गजांना बांधू नये आणि तुळशीचे लग्न झाले की उतरवावी.

हे काम स्वतः करू नका, परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. पण त्याला विचारायचे प्रश्न आपल्याला ठाऊक असावेत: आरसीसीबी ३० चा आहे ना? अर्थिंग तपासले का? जोड कोठे ठेवला? आणि कोणाला झटका बसलाच, तर मायेने धावून हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा.

आमच्या वृंदावनापाशी आज पुन्हा दिवा आहे, १२ व्होल्टचा. संध्याकाळी तो जाऊबाईच लावतात. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या अंगणातली वायर एकदा उजेडी पाहावी, तिला हात न लावता, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवते.