चेन्नईच्या आसमंतातील प्राचीन लेणी व देवालये

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या दक्षिणयात्रेचा जो कार्यक्रम आपल्या यात्रा-समितीने आखला आहे त्यात चेन्नईसाठी दोन दिवस ठेविले आहेत. पहिल्या दिवशी मैलापूरचे कपालीश्वर आणि तिरुवल्लिकेणीचे पार्थसारथी, दुसऱ्या दिवशी कांचीपुरम्. महाबलीपुरम्‌चे नाव प्रथम यादीत होते, ते मागाहून खोडण्यात आले. कारण विचारता काही वडीलधाऱ्या सभासदांनी सांगितले की, जेथे पूजा नाही, नैवेद्य नाही, सांजवात नाही, तेथे यात्रेकरूने जाऊन करावयाचे काय? वर्गणी देवदर्शनासाठी गोळा केली आहे, दगड पाहण्यासाठी नव्हे. हा आक्षेप मनापासूनचा आहे, आणि म्हणून त्याची थट्टा करून भागणार नाही. अध्यक्षमहोदयांनी मला आज बोलण्याची संधी दिली आहे, तिचा उपयोग मी या खोडलेल्या नावाची रदबदली करण्यासाठी करणार आहे. मी पुराणवस्तुवेत्ता नव्हे. शाळेत इतिहास-भूगोल शिकविणारा मनुष्य आहे, आणि ही स्थळे मी डोळ्यांनी पाहिली आहेत, एवढाच माझा अधिकार.

चेन्नईपासून दक्षिणेस समुद्रकाठाने पंचावन्न-साठ किलोमीटर गेले की महाबलीपुरम् लागते. त्याचे जुने नाव मामल्लपुरम्. नैर्ऋत्येस सुमारे पंचाहत्तर किलोमीटरवर कांची. या दोन गावांच्या मधला प्रदेश म्हणजे पल्लव राजांचे घरअंगण. सातव्या शतकाच्या आरंभी महेंद्रवर्मा नावाचा एक विलक्षण राजा येथे होऊन गेला. त्याने संस्कृतात प्रहसन लिहिले, आणि डोंगर कोरवून देवालये केली. विळुप्पुरम् आणि जिंजी यांच्या दरम्यान मंडगपट्टु म्हणून एक खेडे आहे. तेथील लेण्यात त्याचा संस्कृत लेख आहे. त्याचा आशय असा की, वीट नाही, लाकूड नाही, धातू नाही, चुना नाही, असे हे ब्रह्मा-विष्णु-महेशांचे मंदिर विचित्रचित्त राजाने निर्माण केले. 'विचित्रचित्त' हे त्याने स्वतःसच घेतलेले बिरुद! तोवर त्या प्रांती देवळे विटा-लाकडांची होत आणि काळाच्या उदरात जात. ही नवी युक्ती आपण काढली याचा राजाला किती आनंद झाला असेल, ते त्या एका लेखावरून दिसते. लेणे लहानसेच आहे. तीन गाभारे, तिन्ही रिकामे, दर्शनी बाजूस दोन धिप्पाड द्वारपाल.

जिंजीचे नाव निघाले म्हणून सांगतो. शिवछत्रपतींनी १६७७ साली तो किल्ला घेतला, राजाराम महाराजांनी तेथून मोगलांशी दीर्घकाळ झुंज दिली, आणि २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात महाराष्ट्राबाहेरचा किल्ला तो एकच. आता मराठी माणसांचे जथे जिंजीस जाऊ लागतील, आणि मंडगपट्टुच्या फाट्यावरून गाड्या तशाच पुढे जातील. कोणी थांबून पाहावे म्हणून ही गोष्ट मुद्दाम कानी घातली.

महाबलीपुरास लेणी आहेत, एकसंध दगडांतून कोरलेले रथ आहेत, उघड्या कड्यावरील शिल्पपट आहेत आणि समुद्राच्या तोंडाशी चिरेबंदी मंदिर आहे. यांतील बहुतेक काम महेंद्रवर्म्याचा पुत्र नरसिंहवर्मा ऊर्फ मामल्ल आणि त्याच्या वंशजांचे मानतात. कोणते कोणाचे याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, त्यांत आपण न शिरणे बरे. १९८४ पासून हे सर्व जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मोठा शिल्पपट दोन प्रचंड शिळांवर कोरला आहे. लांबी शंभर फुटांस थोडी कमी, उंची चाळीस फुटांवर. दोन शिळांमध्ये उभी चीर आहे. तिच्यात नाग-नागिणी कोरल्या असून वरून पाणी सोडण्याची सोय होती असे दिसते. पाणी वाहू लागले म्हणजे गंगाच अवतरली! एका पायावर उभा राहून हात वर केलेला हाडकुळा तपस्वी कोणी भगीरथ म्हणतात, कोणी अर्जुन. मला मात्र दुसराच तपस्वी अधिक आवडतो. हत्तीच्या सोंडेजवळ एक मांजर हुबेहूब त्याच पवित्र्यात, मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पाय वर करून तप करीत आहे, आणि भोवती उंदीर निर्धास्त खेळत आहेत. महाभारतातील ढोंगी मार्जाराची कथा आपण जाणतोच. देवादिकांच्या मेळाव्यात ज्या शिल्पकाराने हे मांजर बसविले, त्याला मनुष्यस्वभावाची पारख होती यात शंका नाही. जवळच एक हरिण मागच्या खुराने नाक खाजवीत आहे. येथे पुराण कोणते हे विसरून मुले तासभर बसतील.

महिषमर्दिनीच्या लेण्यात एका भिंतीवर सिंहारूढ दुर्गा महिषासुरावर चाल करून जाते आहे. तिच्या गणांची लगबग, असुराचा मागे झुकलेला देह, हातातील गदा, सर्व काही गतिमान. समोरच्या भिंतीवर शेषशायी विष्णू निश्चल निद्रिस्त. एकाच दालनात युद्ध आणि निद्रा समोरासमोर ठेविली आहेत. मध्ये उभे राहून आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहावे. अधिक सांगण्यात अर्थ नाही. कृष्णमंडपात गोवर्धन उचललेला आहे, परंतु त्याच्या छायेत एक गवळी शांतपणे धार काढीत आहे आणि गाय वासराला चाटते आहे. पाऊस कोसळत असता धार काढणारा हा गवळी देवावर आपल्यापेक्षा अधिक विश्वास ठेवून आहे, असे मला वाटते.

पाच रथांना पांडवांची आणि द्रौपदीची नावे आहेत. ती लोकांनी मागाहून दिलेली. पांडवांचा तेथे काही संबंध नाही. द्रौपदीचा रथ म्हणजे गवताने शाकारलेल्या झोपडीची दगडी प्रतिकृती, भीमाच्या रथाचे छप्पर लांबट व गोलसर. लाकूड-गवताची जी घरे-देवळे नाहीशी झाली, त्यांचे रूप या दगडात उरले आहे. सर्व रथ वरून खाली कोरीत आणलेले, आणि एकही धड पुरा झालेला नाही. जवळपासच्या काही अर्धवट लेण्यांत तर कड्यावर चौकोन आखून, त्यांभोवती चर खणून, मधले तुकडे छिन्नीने उडविलेले स्पष्ट दिसतात. आपल्या सह्याद्रीचा पाषाण काळा. हा ग्रॅनाइट, अतिशय कठीण. मी चाळीस-पन्नास मुलांच्या पाट्या रोज तपासल्या आहेत. नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलापेक्षा रीत मांडून अर्ध्यावर राहिलेल्या मुलाकडून शिक्षकाला अधिक कळते. ही अपुरी लेणी तशी आहेत.

कोरणारे कोण? महाबलीपुराजवळ पुंजेरी नावाचे गाव आहे. तेथील खडकावर काही कारागिरांची नावे कोरलेली आढळली आहेत. त्यांतील एक केवात पेरुंतच्चन. 'पेरुंतच्चन' म्हणजे थोर सुतार. राजांची बिरुदे मंदिरांवर, कारागिरांची नावे गावाबाहेरच्या खडकावर! आपल्या या स्मरणिकेतही देणगीदारांची यादी पहिल्या पानांवर येते आणि मंडप घालणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही, म्हणून आपण पल्लवांना बोल लावू नये. आनंदाची गोष्ट एवढीच की ती विद्या तेथे मेलेली नाही. १९५७ पासून त्या गावी शिल्पशिक्षणाची सरकारी संस्था चालते आणि रस्त्याने जाताना आजही छिन्नीचा आवाज कानी पडतो.

समुद्रकाठचे मंदिर राजसिंह पल्लवाने आठव्या शतकाच्या आरंभी बांधिले. दोन शिवालये, आणि त्यांच्या मधल्या अंगाला शेषशायी विष्णू. खाऱ्या वाऱ्याने मूर्तींचे नाक-डोळे पुसट झाले आहेत. आता समुद्राच्या बाजूस दगडांचे बांध घातले असून वारा अडविण्यास सुरूची झाडे लाविली आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी समुद्र मागे हटला, वाळू सरकली आणि पूर्वी न दिसलेले कोरीव दगड उघडे पडले. उत्तरेस काही किलोमीटरवर साळुवनकुप्पम् येथे त्यानंतर उत्खनन झाले, तेव्हा पल्लवकालीन दगडी देवळाच्या खाली त्याहून जुने विटांचे मुरुगन-मंदिर निघाले. ज्या विटांचा त्याग केला म्हणून महेंद्रवर्मा मिरवीत होता, त्याच विटा वाळूखाली टिकून राहिल्या होत्या.

आता कांचीकडे वळू. एकाम्रेश्वर, कामाक्षी, वरदराज ही नावे आपणास ठाऊक आहेत. एकाम्रेश्वराचे सुमारे १९० फुटांचे गोपुर कृष्णदेवरायाने उभारिले. वरदराजाची अत्तिवृक्षाची मूर्ती चाळीस वर्षांनी एकदा तळ्यातून बाहेर काढितात, गेल्या वेळी ती २०१९ साली निघाली. यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतील. मला सांगावयाचे आहे ते कैलासनाथाविषयी. गावाच्या पश्चिम कडेला असलेल्या या मंदिराचे नाव समितीच्या यादीत पहिल्यापासूनच नव्हते. वास्तविक येथे रोज पूजा होते! तेव्हा वडीलधाऱ्यांचा आक्षेपही येथे लागू पडत नाही.

हेही राजसिंहाचेच. प्राकाराच्या भिंतीला लागून ५८ लहान देवळ्या आहेत; काहींत जुन्या रंगचित्रांचे अवशेष आहेत, ते १९३१ साली झूव्हो-दुब्रय या फ्रेंच संशोधकाने प्रथम उजेडात आणिले. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा अरुंद बोगदा आहे. त्यातून सरपटत पार झाल्यास पुनर्जन्म चुकतो अशी तेथील श्रद्धा. गुडघे दुखणाऱ्यांनी मोक्षाचा दुसरा मार्ग पाहावा.

परंतु मराठी माणसाने तेथे जावे याचे कारण निराळे आहे. महाराष्ट्रावर सत्ता गाजविणाऱ्या बदामीच्या चालुक्य पुलकेशी दुसऱ्याने महेंद्रवर्म्यावर स्वारी केली होती. त्याचा सूड मामल्लाने ६४२ च्या सुमारास घेतला. बदामी जिंकली, लुटली, आणि तेथील खडकावर आपला लेख कोरविला. पुलकेशीचा अंत त्यातच झाला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी पुलकेशीचाच वंशज विक्रमादित्य दुसरा हा विजयी होऊन कांचीत शिरला. घराण्याचा शंभर वर्षांचा सूड हाती आला होता. त्याने कैलासनाथाची संपत्ती पाहिली आणि ती न लुटता देवाला परत केली. नुसते परत केले असे नव्हे, तर तसा कानडी लेख त्या मंदिरातील खांबावर कोरविला. तो खांब आजही तेथे उभा आहे. बदामीच्या खडकावरचा लेख आणि कांचीच्या खांबावरचा लेख, दोन्ही विजेत्यांचेच. पण दोहोंत किती अंतर!

पुढे त्याच्या राण्यांनी या विजयाच्या स्मरणार्थ पट्टदकल येथे दोन मंदिरे उभारिली. त्यांतील विरूपाक्षाच्या मांडणीत कांचीच्या कैलासनाथाची छाया आहे, आणि त्या विरूपाक्षाचा वारसा आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात उतरला, असे अभ्यासक म्हणतात. आपल्या ज्ञातीत वंशावळीचे वेड फार. मग वेरूळच्या नातवाचे एवढे कौतुक करणाऱ्यांनी कांचीला जाऊन आजोबांच्या दारावरून परत यावे, हे बरे दिसते काय?

आता मूळ आक्षेप. भग्न मूर्तीची पूजा करू नये हे शास्त्र मला मान्य आहे. परंतु पूजा न करणे वेगळे आणि न पाहणे वेगळे. शिवाय महाबलीपुरातही सर्वच दिवे विझलेले नाहीत. आदिवराहाच्या लेण्यात आजही पूजा होते, आणि भिंतीवर पल्लव राजे आपल्या राण्यांसह उभे आहेत. गावातील स्थलशयन पेरुमाळ हे तर वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक.

आणखी एक गोष्ट बोलतो, ती काहींना रुचणार नाही. ज्या पूजेच्या देवळांचा आपण आग्रह धरितो, त्यांची दारे सर्व हिंदूंना कायद्याने उघडली ती मद्रास प्रांतात १९४७ साली. त्याच वर्षी आमच्या साने गुरुजींना पंढरीच्या विठोबापाशी सर्वांना जाता यावे म्हणून उपोषण करावे लागले. म्हणजे आपल्या आजोबांच्या वेळी यात्रेचा अर्थ काहींसाठी दर्शन आणि काहींसाठी कळसाला हात जोडून परत फिरणे असा होता. लेण्यांचे गाभारे रिकामे आहेत हे खरे. तेथे पुजारी नाही, तसे कूळ विचारणाराही कोणी नाही. आपली संस्था एका ज्ञातीची आहे म्हणूनच हे येथे बोलणे मला अगत्याचे वाटते. आपल्या मुलांबरोबर त्यांचे वर्गमित्र यात्रेला येऊ इच्छितात, आणि नियमावलीतील एका कलमामुळे त्यांना नाही म्हणावे लागते. ते कलम वेगळ्या सभेत चर्चेस यावे, अशी सूचना मी लेखी दिली आहे.

जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची विनंती. लेण्यांच्या भिंतींवर नावे खरडू नयेत. वाटेवरील तिरुक्कळुक्कुण्ड्रम्, म्हणजे आपल्या वडीलमंडळींचे पक्षितीर्थ, येथील डोंगरावरच्या लेण्यात सतराव्या शतकातील डच व्यापाऱ्यांनी आपली नावे कोरून ठेविली आहेत. त्यांना आज संशोधक वाचतात. आपली कोणी वाचणार नाही. त्या तीर्थी दुपारी नैवेद्य खावयास येणारी पांढरी गिधाडे गेल्या शतकाच्या अखेरीपासून येईनाशी झाली आहेत, तेव्हा त्यांच्या आशेने तेथे कोणी ताटकळू नये.

वेळेचे म्हणाल तर छापील कार्यक्रमातच तो मोकळा आहे. दक्षिणेकडील देवळे दुपारी बारा ते चार बंद असतात. कार्यक्रमपत्रिकेत कांचीच्या दिवशी त्या चार तासांपुढे 'विश्रांती व रेशमी वस्त्रांची खरेदी' असे छापले आहे. माझी सूचना अशी: चेन्नईहून पहाटे सहाला निघावे, आठच्या सुमारास थेट कैलासनाथ गाठावे, मग एकाम्रेश्वर, वरदराज आणि कामाक्षी. खरेदीस एक तास द्यावा. भगिनीवर्गाने मनावर घेतल्यास तो पुरेल. दीड वाजता निघाल्यास पक्षितीर्थावरून साडेतीनपर्यंत महाबलीपुरम् येते. प्रथम लेणी, कारण तेथे सावली असते. नंतर रथ, आणि शेवटी समुद्रकाठचे मंदिर. सहाच्या सुमारास फाटक बंद होते, तेव्हा साडेपाचच्या आत तेथे असावे. परत येताना समुद्रकाठचा रस्ता धरावा. वर्गणीत वाढ होईल ती केवळ प्रवेश-तिकिटाची, आणि ज्यांना ती जड वाटेल त्यांची रक्कम भरण्यास आम्ही चार निवृत्त शिक्षक तयार आहोत. यादी चिटणीसांकडे दिली आहे.