सेव्ह केलेला नंबर



धंद्यासाठी सोशल मीडियावर पान कसं उघडायचं, हॅशटॅग कसे लावायचे, यात वेळ घालवत नाही. ते तुम्हाला घरची नातवंडं शिकवतील, आणि फी म्हणून पेटीतला आंबा घेतील. (हशा)

मला आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. छोट्या धंद्याची खरी पुंजी म्हणजे फॉलोअर नव्हेत. ज्यानं आपणहून तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला, तो माणूस. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात. निरोप मात्र तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. तुमची रील कोणाला दाखवायची ते कंपनी ठरवते. इथे गिऱ्हाईक ठरवतं.

दिवस हापूसचे आहेत, तेच उदाहरण घेतो. २०२० च्या टाळेबंदीत, ऐन हंगामात, वाशीच्या बाजाराची घडी विस्कटली. कोकणातले कितीतरी बागायतदार व्हॉट्सॲपवर मागणी घेऊन पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना थेट पेट्या देऊ लागले. बाजार सुरळीत झाल्यावर काही पुन्हा दलालाकडे गेले, काही टिकले.

टिकलेल्यांपैकी देवगडकडचे एक बागायतदार माझ्या ओळखीचे आहेत. मोहोर करपला की त्याचाही फोटो ते स्टेटसला ठेवतात. आंबा झेल्यानं, म्हणजे जाळीच्या काठीनं, देठासकट उतरवायचा, देठ तुटला तर चीक सांडून सालीवर डाग पडतो, हे व्हिडिओत दाखवतात. मग पेंढ्यात पिकत घातलेली आढी: ‘फळ अजून हिरवट आहे, पेट्या गुरुवारनंतर.’ आणि साका, म्हणजे गरातला दोष! साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. तापलेल्या जमिनीची धग तयार फळाला लागते, हे त्याचं एक कारण. म्हणून ते झाडाखाली गवत-पाचोळा अंथरतात, तेही दाखवतात. पेटीबरोबर चिठ्ठी असते: साका निघाला तर फोटो पाठवा, फळाला फळ देऊ. आता सांगा, हा नंबर कोण सेव्ह करणार नाही? (टाळ्या)

मागून कुणी विचारतंय, ‘मग रील करूच नयेत का?’ असं मी म्हटलेलं नाही! जरूर करा. पण २९ जून २०२० आठवा. टिकटॉकवर बंदी आली आणि लोकांनी जमवलेले चाहते एका रात्रीत गेले. जुलैत इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या, पुन्हा शून्यापासून सुरुवात. ज्यांच्या वहीत गिऱ्हाइकांचे नंबर होते, त्यांचा धंदा चालू राहिला. रील पाहून आलेला माणूस त्याच दिवशी तुमच्या वहीत आणि तुमचा नंबर त्याच्या फोनमध्ये उतरला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि त्यावरून मी हटणार नाही.

कार्यवाहांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. आंब्यानं वेळ खाल्ला. जाहिरातींचा भाग सोडतो, शेवटच्या तीन सूचना तेवढ्या देतो.

न विचारता कुणाला ग्रुपमध्ये घालू नका; लोक रिपोर्ट करतात आणि नंबरच बंद पडू शकतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बागायतदारानं त्याखाली आपली वेगळी नोंदणी करावी आणि तिचा क्रमांक व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये पहिल्याच फोटोखाली टाकावा. आणि कृपा करून ‘भावासाठी मेसेज करा’ लिहू नका. डझनाचा भाव लिहा, वाहतुकीसकट.