मंडळी चालवायची कोणी?



चालकांनी मला दिलेला विषय आहे ‘महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट चर्चचा आरंभ’. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून मी एकाच गावी मुक्काम करणार आहे. ते गाव अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. या विषयावर आपल्याकडे दोनच सूर लागतात. कोणी कोणाला बाटवले, हा एक. आणि मिशनऱ्यांनी किती शाळा-दवाखाने काढले, हा दुसरा. दोन्हींत कर्ता गोराच. मला विचारायचे आहे ते वेगळेच. बाप्तिस्मा झाला, पुढे काय? ही माणसे एकत्र कशी नांदली आणि मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, कारभार कोणाच्या हाती राहिला?

पूर्वपीठिका झटपट सांगतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नकोच होते, त्यांना परत धाडण्याची खटपटही झाली. त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली आणि मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. मुंबईत छापखाना निघाला, शाळा निघाल्या. मंडळीत येणारे मात्र फारच थोडे. डिसेंबर १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे मांडले.

नगरला आलेल्या मिशनऱ्यांबरोबर बाबाजी रघुनाथ आले. हे जन्माने ब्राह्मण, नुकतेच ख्रिस्ती झालेले. नगरला तेव्हा इंग्रज रहिवाशांच्या मदतीवर चालणारा एक गरीबखाना होता. म्हातारे, आंधळे, पांगळे, ज्यांना घरचे विचारत नाहीत असे लोक तिथे असत. बाबाजींचे आणि मिशनऱ्यांचे काम तिथूनच सुरू झाले. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत या गरीबखान्यातली माणसे होती. त्याच वर्षी बाबाजी पटकीने वारले. पेशवाई बुडून तेव्हा पुरती पंधरा वर्षे झाली होती, हे ध्यानात घ्या. त्या काळच्या नगरात ब्राह्मणाने या लोकांच्या पंगतीला बसणे ही गोष्ट कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त लोकांच्या कानावर गेली असणार.

१८३९ मध्ये हरिपंत ख्रिस्ती झाले, ख्रिस्ती हे त्यांचे आडनाव नव्हे हो, आडनाव खिस्ती! अशी गंमत इतिहास क्वचितच करतो. त्यांचे भाऊ नारायणराव आले, रामकृष्णपंत मोडक आले. आणि पुढच्या दशकात खेड्यांतून महार कुटुंबे येऊ लागली. त्यांतले काही तर आपल्या समाजाचे गुरू होते. लोक त्यांच्या शब्दावर चालणारे. अशा माणसाने गळ्यातली माळ उतरवली की एक माणूस येत नाही, त्याच्यामागे सोयरेधायरे येतात. मिशनऱ्याचा उपदेश कमी पडला तिथे नात्यागोत्याने काम केले, असे माझे मत आहे.

आता खरी अडचण. प्रभुभोजनाला सगळ्यांनी एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून घ्यायचे. ब्राह्मण कुळातून आलेल्यांची सोवळ्याची सवय तिथे संपायलाच हवी होती. पण अडचण एवढीच नव्हती. महार आणि मांग यांच्यातले अंतरही बाप्तिस्म्याच्या पाण्याने लगेच पुसले गेले नाही. आपण जातीचा प्रश्न नेहमी वरून खाली पाहतो. मंडळीला तो आडवाही सोसावा लागला. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क बुडू नये असा कायदा १८५० मध्ये झाला खरा, पण कायद्याने गावच्या विहिरीवरचा पोहरा हाती येत नाही.

हे मिशन न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले. तिथली रीत अशी की स्थानिक मंडळी आपली आपण स्वतंत्र. सभासदांनी जमून पाळक निवडायचा, नवा सभासद घ्यायचा की नाही ते ठरवायचे, चुकलेल्याला जाब विचारायचा. ज्यांना गावकीत चावडीबाहेर उभे राहावे लागे, त्यांना बसून मत देण्याची जागा इथे मिळाली. कागदावर तरी मिळाली. कारण पगार मिशनच्या बोस्टन कचेरीतून येत असेल तर निवड कितीशी मोकळी, हा प्रश्न राहतोच.

१८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. नगरच्या दोन मंडळ्यांना आता देशी पाळक होते. त्या बोस्टन कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन त्याच सुमारास पाहणीला आले. त्यांचा आग्रह होता की देशी मंडळ्यांना देशी पाळक हवेत आणि त्यांचा खर्च मंडळीनेच उचलावा. विचार रास्तच. मात्र त्याच आग्रहापोटी नगरची इंग्रजी शाळा बंद झाली. महाराच्या पोराने मराठीत शुभवर्तमान वाचावे, हे कबूल. त्याने इंग्रजी शिकून कचेरीत बसावे, हे मिशनच्या कामात बसेना. मला हा निर्णय आखूड दृष्टीचा वाटतो. दुसरीकडे मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा चालू होत्या. जोतिराव फुल्यांनी त्या आधीच नगरला येऊन पाहिल्या होत्या आणि पुण्यात आपले काम उभे केले होते. नगरातच १८४२ मध्ये निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध छापला. ख्रिस्ती मंडळीबाहेरच्या मराठी समाजाला या मंडळीने दिलेले देणे मोजायचे तर इथून सुरुवात करावी.

खर्चाकडे परत येऊ. शेतमजुरी करणारी मंडळी पाळकाला पगार देणार कुठून? वडाळ्याच्या मिशनरी फेअरबँकसाहेबांनी खेड्यातल्या मंडळ्यांना देणगीची शिस्त लावण्यासाठी फार कष्ट घेतले. कापणीच्या सणाला रोकड नसली तर धान्य येई, कोंबडी येई. त्याच काळात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यात पुढे. मिशनरी बॅलंटाइनसाहेबांची भक्तिगीते पाश्चात्त्य चालींवर बसवलेली. ती म्हणताना शहरी मंडळी सरावली, पण खेड्यातल्या माणसाला रात्रभर जागवण्याचे बळ टाळ-मृदंगाचेच. इथे पुढाकार मंडळीचाच होता, असे मला वाटते.

मग कवी नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, पुढे नगरला मुक्काम, अभंग, ओव्या, मुलांच्या कविता, ‘ज्ञानोदया’चे संपादन. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतः विचार करून, नवऱ्यामागे ओढल्या जाऊन नव्हे. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सांगायला नको. टिळकांना बोचत होते ते हेच, की ख्रिस्ताचा मराठी शिष्य मिशनच्या पगाराला बांधलेला आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही. पुढे १९२४ मध्ये मिशनच्या मंडळ्या उत्तर भारतातील संयुक्त चर्चमध्ये गेल्या.