पाठीवरचे बिऱ्हाड, बरोबरचे कुत्रे



फलकावर आजचा विषय वाचून काही श्रोत्यांनी मला दारातच हटकले. याच व्यासपीठावर काल वेदान्त झाला, उद्या अर्थसंकल्प व्हावयाचा आहे. त्या दोहोंच्या मध्ये ही कुत्र्यांची सहल कोठून आली, असा त्यांचा प्रश्न होता. माझे उत्तर एवढेच की, एखाद्या समाजाची ओळख करून घ्यावयाची असेल, तर त्याच्या कायदेमंडळाइतकेच त्याच्या सुटीकडेही पाहावे. माणूस कामावर असताना दुसऱ्याच्या शिस्तीने वागतो. सुटीत तो कोणाच्या शिस्तीने वागतो, हे पाहण्यासारखे असते.

आपल्याकडे ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण बदलीच्या नोकरीवाल्याबद्दल थोड्या कणवेनेच उच्चारली जाते. ब्रिटनमध्ये असंख्य माणसे हे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेतात. कॅम्पर-व्हॅन म्हणजे सामान वाहणाऱ्या मोटारीच्या पोटात थाटलेला संसार. दिवसा बसावयाचे बाक रात्री बिछाना होतात. बाकाखाली पाण्याची टाकी, दारापाशी गॅसची शेगडी, आणि छप्पर वर उचलले की ताठ उभे राहण्यापुरती जागा. मुंबईच्या चाळीत संसार केलेल्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की, या खोलीला चाके असतात आणि भाडेपावती नसते.

या हौसेचा इतिहास मोठा रंजक आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टराने ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी केवळ सहलीसाठी बांधवून घेतली आणि तीतून इंग्लंडच्या दक्षिणेकडून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. बरोबर गाडीवान होता, नोकर होता, आणि ‘हरिकेन बॉब’ नावाचा दांडगा कुत्राही होता. म्हणजे या छंदात कुत्रा मागाहून शिरलेला नाही. तो पहिल्या दिवसापासूनचा भागीदार आहे. पुढे १९४७ साली बेन पॉन या डच व्यापाऱ्याने वहीत एका डबेवजा मोटारीचे रेखाटन केले. त्यातून १९५० साली फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध गाडी निघाली, आणि लगेच पुढल्या वर्षी जर्मनीतच वेस्टफालिया कारखान्याने तिच्यात राहण्याची सोय बसविली. घोडे गेले, इंजिन आले. कुत्रा मात्र आपल्या जागेवर बसून राहिला.

आता गाडी झाली, पण ती उभी कोठे करावयाची? आपली समजूत अशी की, समुद्रकाठ म्हणजे सर्वांचा. वेल्समध्ये तसे नाही. तेथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला मालक आहे, आणि रात्री मुक्काम करावयाचा तर त्याची परवानगी हवी. शिवाय १९६० च्या एका कायद्याने अशा गाड्यांच्या तळांना परवाना लागतो. परंतु त्याच कायद्यात एक खिडकी उघडी ठेविली आहे. मान्यताप्राप्त क्लबांना आपल्या सभासदांचा मेळावा पाच दिवसांपर्यंत एखाद्या शेतावर परवान्यावाचून भरविता येतो. क्लब आपल्या सभासदांना वळण लावील, असा विश्वास कायद्याने टाकलेला आहे. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. सरकारी शिपाई शेतावर येत नाही. पण कचरा कोणी टाकला, मैला कोठे ओतला आणि कुत्रे कोणी मोकळे सोडले, याचा जाब शेजारचा गाडीवाला विचारतो.

२०२३ च्या जून महिन्यात अशाच एका मेळाव्यात मी चार दिवस होतो. माझी कन्या आणि जावई तिकडे स्थायिक आहेत. गाडी त्यांची, मी पाहुणा. जागा उत्तर-पश्चिम वेल्समधील, ल्लीन द्वीपकल्पाच्या मुळाशी, क्रिकिएथ या गावाजवळची. टेकडीवर तेराव्या शतकातील लुवेलिन राजाचा किल्ला आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर उपसागरापलीकडे इंग्रजांचा हार्लेक किल्लाही दिसतो. जिंकलेल्यांचा एक आणि जिंकणाऱ्यांचा एक, असे दोघे समोरासमोर शतकानुशतके पाण्याकडे पाहत बसले आहेत. आपल्या कोकणपट्टीवर वाढलेल्या माणसाला हा देखावा समजावून सांगावा लागत नाही.

शेतात अकरा गाड्या आणि चौदा कुत्रे होते. आमच्या गाडीतला कुत्रा शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड. शर्यतीचे दिवस संपले की या जातीच्या कुत्र्यांना संस्थांमार्फत घरे शोधून देतात. कन्येने त्याचे नाव मोती ठेवले आहे, आणि ‘मोती, गप्प बस’ हे त्याला मराठीतच समजते. ज्याने उमेदीत वाऱ्याशी पैज लावली, तो आता दिवसभर झोपतो. पेन्शनरांच्या कट्ट्यावर तो सहज खपेल. बाकीच्यांत कॉर्गी होते, ते तर खास वेल्सचेच. वेल्श भाषेत ‘कोर’ म्हणजे बुटका आणि ‘की’ म्हणजे कुत्रा. सकाळी सहा वाजता चौदाही धनी हातात पट्टा आणि खिशात कागदी पिशवी घेऊन ओळीने बाहेर पडत. पिशवी कशासाठी, हे मी सांगत नाही. आपल्या शहरात सकाळी फिरावयास जाणाऱ्यांनी मात्र ते अवश्य ओळखावे.

समुद्रावर जावयाचे तरी पाटी वाचूनच. वेल्समधील बऱ्याच पुळणींवर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात कुत्र्यांना मज्जाव असतो. काही ठिकाणी अर्धी पुळण मुलांची आणि अर्धी कुत्र्यांची. ओहोटीला मैलभर वाळू उघडी पडली, तरी सीमारेषेच्या खांबापाशी माणसे वळताना मी पाहिली. तेथे कोणीही पहारेकरी नव्हता.

पण खरी कसोटी वाळूवर नव्हती, शेतात होती. त्या मुलखात माणसांपेक्षा मेंढ्या अधिक दिसतात. आपल्या धनगराप्रमाणेच तिकडच्या शेतकऱ्याचाही उजवा हात म्हणजे त्याचे कुत्रे. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या चाचण्यांची ब्रिटनमधील पहिली नोंद १८७३ सालची, आणि तीही याच भागातल्या बाला गावची आहे. परंतु जे कुत्रे मेंढरे राखते, त्याच्याच जातीचे शहरी कुत्रे ती उधळून लावते. १९५३ च्या कायद्याप्रमाणे कुत्र्याने शेतातील जनावरांचा पाठलाग करणे हा धन्याचा गुन्हा आहे. १९७१ चा कायदा त्याहून पुढे जातो. आपल्या कळपाला वाचविण्याचा दुसरा मार्ग उरला नसेल, तर शेतकऱ्याने अशा कुत्र्यावर गोळी झाडली तरी नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याला बचाव मिळतो. मात्र अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना कळविले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण कुत्रे गळपट्ट्यातून मान काढून फाटकाखालून निसटले. पलीकडच्या शेतात मेंढ्या आणि त्यांची कोकरे होती. कळप तारेच्या कुंपणाकडे धावत सुटला, आणि एका मेंढीचा पाय तारेत अडकला. शेतकरी आपल्या घराच्या दारात उभा होता. त्याच्यापाशी बंदूक आहे, हे सर्वांना ठाऊक होते. तो आत गेला. धनी तारेवरून उडी टाकून धावत होता, त्याची बायको फाटकाशी दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती, आणि इतके लोक असून कोणी एक शब्द बोलत नव्हते. शेतकरी बाहेर आला तेव्हा त्याच्या हाती शिट्टी होती. त्याने दोन वेळा शीळ घातली, त्याचा काळापांढरा कोली कळप आणि पाहुणा यांच्या मधोमध जाऊन जमिनीशी चिकटून बसला, आणि ते उडाणटप्पू कुत्रे बुचकळ्यात पडून थांबले. सारे प्रकरण पाच मिनिटांचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेथगेलर्टला गेलो. गाडीने तासाभराच्या आतले, डोंगरातले गाव. ‘बेथ’ म्हणजे थडगे. आणि लोक सांगतात की, हे थडगे गेलर्ट नावाच्या कुत्र्याचे. लुवेलिन राजा शिकारीहून परतला, पाळणा उलथलेला, मूल दिसेना, कुत्र्याच्या तोंडाला रक्त. राजाने तलवार चालविली. मग पाळण्याखालून मूल रडले, आणि शेजारी मेलेला लांडगा सापडला.

आपल्यापैकी प्रत्येकाला पुढले ठाऊक आहे, कारण ही गोष्ट आपली आहे. लांडग्याच्या जागी साप आणि कुत्र्याच्या जागी मुंगूस घाला, राजाच्या तलवारीऐवजी ब्राह्मणीच्या डोक्यावरचा पाण्याचा घडा घाला, की झाले पंचतंत्र. सहाव्या शतकात ही पोथी पहलवीत गेली, आठव्यात अरबीत, तेराव्यात लॅटिनमध्ये. युरोपात ही कथा पोहोचेपर्यंत मुंगुसाचे कुत्रे झाले, कारण तिकडे मुंगूस कोणी पाहिला होता? फ्रान्समध्ये तर तेराव्या शतकात अशाच एका ग्रेहाउंडला लोक संत मानून नवस बोलत. वेल्समधील ते थडगे मात्र फार जुने नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथल्या एका खानावळीच्या मालकाने प्रवाशांची रीघ लागावी म्हणून दगड रचले, आणि गावाचे नाव बहुधा एखाद्या विस्मृत संतावरून पडले असावे. इतिहास एवढाच. तरीही झाडाखालच्या त्या दगडांपाशी आदल्या दिवसाच्या कुत्र्याची धनीण बराच वेळ उभी राहिली. खानावळवाल्याची युक्ती तिलाही ठाऊक होती. फलक तिने वाचला होता.

मेंढीचा पाय बरा होण्यासारखा होता. पशुवैद्याचे बिल त्या दांपत्याने भरले. संध्याकाळी सर्व गाडीवाल्यांनी मिळून एक बैठक घेतली, आणि तीत तंटा झाला. काहींचे म्हणणे, अपघात कोणाच्याही हातून होतो. एक वृद्ध बाई म्हणाल्या की, अपघात आपला, पण शेत त्याचे. दोघांनी शेतकऱ्याच्या घरी जाऊन पुढच्या वर्षीचे विचारावे, असे ठरले. तो घरात बायकामुलांशी वेल्श बोलत होता. ल्लीनमध्ये हे नवल नाही. २०२१ च्या शिरगणतीत साऱ्या वेल्समध्ये शेकडा १७.८ माणसे ती भाषा बोलणारी निघाली, पण या जिल्ह्यात हे प्रमाण शेकडा चौसष्टांवर आहे. सुटीसाठी घरे घेणाऱ्या परक्यांमुळे गावे हिवाळ्यात ओस पडतात, ही तेथील माणसांची तक्रार जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. चाकांवरचे घर निदान सोमवारी निघून जाते, असे तो शेतकरी इंग्रजीत म्हणाला. हसला की नाही, हे दोघांनाही सांगता आले नाही.

त्याने अट घातली: पुढच्या वर्षी खालचे शेत, ज्याला दगडी बांध आहे, आणि एकही कुत्रे पट्ट्याशिवाय नको, कॉर्गीसुद्धा नको. गटाने ती अट लिहून घेतली. कन्येच्या पत्रावरून कळते की, २०२४ च्या जूनमध्ये त्याच खालच्या शेतात नऊ गाड्या उतरल्या होत्या.