बालशिक्षण : पालकांच्या श्रद्धेची कसोटी



जैन परंपरेत विद्येचा आरंभ पित्याच्या सान्निध्यात झाला, असे मानतात. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकविली आणि सुंदरीला अंकविद्या. कन्या दोन, विद्याही दोन. या कथेत छडी नाही, चढाओढ नाही आणि एकाच गजाने दोघींना मोजणेही नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी असाच एक पिता गुजरातेत होऊन गेला. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. 1913 साली पुत्र झाला आणि याला कोणत्या शाळेत घालावे, या चिंतेने त्यांना घेरले. तत्कालीन शाळेत पाठांतर होते आणि मार होता. शोध घेता घेता इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले व 1920 मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. वकिली सुटली; पुत्राची चिंता करणारा पिता हजारो मुलांची ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई झाला.

या पद्धतीचे मर्म साधे आहे. लहानमोठ्या गोल दट्ट्यांची लाकडी पेटी मुलापुढे ठेवतात. दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतोच. चूक शिक्षकाने दाखवावी लागत नाही. ती मुलालाच दिसते आणि तेच ती सुधारते. येथे शिक्षा नाही, बक्षीसही नाही. म्हणून शिस्त नाही, असे मात्र नव्हे. ती बाहेरून लादण्याऐवजी आतून उमलते. मन, वचन व काया यांनी हिंसा टाळावी, असे सांगणाऱ्या धर्माला हा विचार परका कसा वाटेल?

भावनगरच्या या कार्यात 1923 मध्ये ताराबाई मोडक सामील झाल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. 1936 मध्ये ताराबाईंनी मुंबईत, दादरला, शिशुविहारचे कार्य उभे केले. परंतु बालशिक्षण सुखवस्तू घरांपुरतेच राहिले, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांची जागा खडे, शिंपले, पाने व काड्या यांनी घेतली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखण्यास जात, म्हणून कुरणातही शाळा भरली.

आरे कॉलनीत हे सांगण्याला विशेष अर्थ आहे. 1949 मध्ये शहरातील तबेल्यांसाठी वसविलेल्या या परिसरात गवताची कुरणे आहेत, म्हशींचे गोठे आहेत आणि वारली पाडेही आहेत. कोसबाडला ज्या परिस्थितीतून नवी शाळा उगवली, ती परिस्थिती येथे पायाखालीच आहे.

आज वेगळ्या विचारांच्या शाळा मुंबईच्या उपनगरांतही आहेत; त्यांतील अनेकांचे शुल्क मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे. 1907 साली माँटेसरींनी पहिले बालगृह उघडले, ते रोमच्या गरीब वस्तीत, याचे विस्मरण होऊ नये. दुसरी अडचण पालकांच्या मनातली. शेजारचे मूल पाढे म्हणू लागले, की मातीत रमलेल्या आपल्या मुलाकडे पाहून पित्याचा जीव खालीवर होतो. ही शंका क्षुद्र नव्हे. तिच्यामागे माया आणि उद्याची भीती आहे. पालकाने शिक्षकाला प्रश्न विचारावेत, वर्गात बसून पाहावे, मूल आनंदाने शाळेत जाते की नाही हे तपासावे. मात्र सकाळी मुक्त शाळा आणि सायंकाळी घोकंपट्टीची शिकवणी, अशा दोन नावांवर पाय ठेवल्यास ओढाताण मुलाचीच होते. पद्धत कोणतीही असो, एकाच सत्याला अनेक बाजू असतात हा अनेकांत घरातच शिकावा लागतो.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दानाचे अनेक मार्ग पुढे येतील. ज्ञानदान त्यांत श्रेष्ठ. पाड्यावरच्या एका अंगणात खडे-शिंपल्यांची एक बालवाडी उभी राहिली, तर त्यासाठी मोठी इमारत लागणार नाही. प्रेमळ व प्रशिक्षित शिक्षिका, नियमित सहाय्य आणि धीर एवढे पुरे. पन्नास वर्षांच्या पुण्याईला शोभेल असा हा संकल्प आहे.

जय जिनेंद्र!