संकलकानें साधनें कशीं निवडावीं?

तुळशीचें लग्न लागलें कीं वऱ्हाडांत माणसांच्या लग्नांची धामधूम सुरू होते, आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत अमरावती व अकोला येथील मंगल कार्यालयांना उसंत मिळत नाहीं. पूर्वीं या सोहळ्यांवर वाजंत्री, आचारी व भटजी यांचीं पोटें चालत; आतां त्यांत छायाचित्रकाराची, आणि त्याच्यामागें घरांत बसून चित्रफितीचें संकलन करणाऱ्या तरुणाची भर पडली आहे. हा तरुण कोणाचा नोकर नसतो. लग्नसराई संपली कीं कोठें शिकवणीवर्गांचीं व्याख्यानें, कोठें श्रावणांत गांधीग्रामहून पूर्णेचें पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे निघणारी कावड, कोठें गुरुकुंज मोझरीचा पुण्यतिथि-महोत्सव, अशीं कामें मिळतील तशीं तो पत्करतो. एक संगणक व त्यावर चालणारें एक सॉफ्टवेअर, एवढेंच त्याचें भांडवल. हीं दोन साधनें नीट निवडलीं तर संसार उभा राहतो. निवड चुकली तर कापसाच्या पैशांतून घेतलेलें यंत्र कोपऱ्यांत आणि त्याचे हप्ते डोक्यावर, अशी अवस्था होते.

बहुतेकांची चूक पहिल्या पावलासच होते. ते प्रथम दुकानांत जाऊन यंत्र पसंत करतात, नंतर सॉफ्टवेअर शोधतात, आणि आपणांस काम कोणतें करावयाचें आहे याचा विचार सर्वांत शेवटीं करतात. वास्तविक क्रम याच्या अगदीं उलट असावयास पाहिजे. आधीं काम, मग सॉफ्टवेअर आणि त्यास लागेल तेवढेंच यंत्र.

या बाबतींत दादासाहेब फाळके यांचें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९१२ सालीं आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले. तेथें जाणत्या माणसांचा सल्ला घेऊन त्यांनीं विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा, फितीस भोकें पाडण्याचें यंत्र व इतर आवश्यक सामग्री निवडली. परत आल्यावर मोठें भांडवल मागण्यापूर्वीं त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखविणारी एक चिमुकली फीत तयार केली आणि आपल्या साधनांची व हाताची परीक्षा भांडवलदारासमोर दिली. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईस लोकांपुढें आला, तो त्यानंतर. आजच्या तरुणास लंडनला जाण्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं. परंतु वाटाण्याच्या रोपाचा धडा मात्र त्यानें अवश्य गिरवावा.

तो गिरविणें आज फारसें खर्चाचेंहि नाहीं. ‘केडेनलाइव्ह’ हें सॉफ्टवेअर सर्वस्वीं मोफत आहे. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ याची मोफत आवृत्ति ३८४० बाय २१६० एवढ्या मोठ्या आकाराचें चित्र बाहेर काढूं देते. कांहीं विशेष सोयी हव्या असल्यास त्याची मोठी आवृत्ति एकदांच पैसे भरून घेतां येते. ‘प्रीमियर’ पुष्कळांच्या हातांत बसलेलें आहे, आणि एखाद्या स्टुडिओचें काम त्यावरच चालत असेल तर तें घेणें भाग पडतें. परंतु त्याचें भाडें, लग्नें असोत वा नसोत, चालूच राहतें. आषाढांत हातीं काम नसतांना हें भाडें जड जातें. म्हणून मित्राच्या संगणकावर दोन-तीन सॉफ्टवेअरें घेऊन एकच पांच मिनिटांची फीत प्रत्येकांत संकलित करून पाहावी, आणि ज्यांत हात मोकळा चालेल तें पत्करावें.

या परीक्षेंत मराठी माणसानें एक प्रश्न वेगळा घालावा. शीर्षकाच्या जागीं ‘वऱ्हाड’ हा शब्द टंकून पाहावा. त्यांतील अर्धा र हकाराशीं नीट जुळला, आणि त्यामागून टंकलेलीं ‘लक्ष्मी’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’ हीं नांवें अक्षरें न फुटतां उमटलीं, तर तें सॉफ्टवेअर देवनागरीस योग्य समजावें. कांहींमध्यें त्यासाठीं भारतीय लिप्यांची मांडणी मुद्दाम निवडावी लागते. नवरीचें नांव मोडक्या अक्षरांत दिसलें तर बाकीचें कौशल्य कोणी पाहत नाहीं.

आतां यंत्राकडे वळावें. येथें ग्राहकाचें सर्व लक्ष वेगाकडे असतें. संकलकाचें लक्ष प्रथम साठवणीकडे असावें. हिशेब सोपा आहे. कॅमेरा एका सेकंदास १०० मेगाबिट या मानानें चित्रण करीत असेल, तर आठ बिटांचा एक बाइट या न्यायानें सेकंदास साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासास ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेऱ्यांनीं प्रत्येकीं सहा तासांचें चित्रण केलें कीं एका लग्नास ५४० जीबी झाले. त्याच्या दोन प्रती ठेवावयाच्या म्हटल्यास एक टीबीची डिस्क अपुरी पडते. मार्गशीर्षांत अशीं चार लग्नें हातीं असलीं तर काय होईल, हें शाळेंतील मुलगाहि सांगूं शकेल.

येथें कोणी कुरकुर करील कीं दोन प्रती कशाला? कारण लग्न दोनदां लागत नाहीं. हळदीच्या दिवशीं नातीला ओवाळणारी आजी वर्षभरानें हयात असेलच असें नाहीं. डिस्क बिघडली तर त्या घरास ती पुन्हां दिसावयाची नाहीं, आणि कोणत्याहि रकमेनें ती भरपाई होत नाहीं. म्हणून जाणते लोक तीन प्रतींचा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणीं. अमरावतीच्या तरुणानें तिसरी प्रत अकोल्यास मामाच्या कपाटांत ठेवावी आणि अकोल्याच्या तरुणानें अमरावतीस मावशीकडे. शे-दीडशे रुपयांच्या प्रवासांत हें काम होतें. चित्रें कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसण्यापूर्वीं दोन प्रती उघडून पाहण्याची शिस्त तर कधींच मोडूं नये.

साठवणीनंतर वेगाचा विचार. चालू काम वेगवान एसएसडीवर आणि संपलेलें काम स्वस्त हार्ड डिस्कवर, अशी वांटणी करावी. साध्या एचडी चित्रणास १६ जीबी रॅम पुरते. फोर-के चित्रणास ३२ जीबी असावी, कारण त्याच्या एका चित्रांत एचडीच्या चौपट बिंदू असतात. ‘रिझॉल्व्ह’ घेतल्यास ग्राफिक कार्डाचें महत्त्व मोठें, आणि त्याची स्वतःची स्मृति ८ जीबी तरी असावी. यंत्र एका जागीं राहणार असेल तर लॅपटॉपपेक्षां मेजावरचा संगणक बरा. त्यांतील बिघडलेला वा अपुरा पडलेला भाग तेवढा बदलतां येतो.

ज्याच्याजवळ जुनें यंत्र आहे त्यानें निराश होण्याचें कारण नाहीं. मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती करून त्यांवर संकलन करावें आणि शेवटीं सॉफ्टवेअरनें मूळ चित्रणावरून अंतिम फीत काढावी, ही युक्ति ‘प्रॉक्सी’ या नांवानें वर उल्लेखिलेल्या तिन्ही सॉफ्टवेअरांत उपलब्ध आहे. रात्रभर यंत्र प्रती तयार करतें, आणि सकाळीं संकलक विनासायास कामाला लागतो. लाखाचें कार्ड जें करतें त्याचा पुष्कळसा भाग ही युक्ति फुकट करते.

वऱ्हाडाच्या हवेचाहि विचार पाहिजे. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे धांवतो. अंतिम फीत काढतांना यंत्र तापलें कीं तें स्वतःच आपला वेग कमी करतें. म्हणून लग्नसराईच्या ऐन दिवसांत हें काम रात्रीं लावावें, पेटींतील धूळ महिन्यास काढावी, आणि कूलरचा दमट झोत यंत्रावर थेट येऊं देऊं नये. वळवाच्या पावसांत वीज जाते तेव्हां दहा मिनिटें तग धरणारा यूपीएस असेल तर काम जतन करून यंत्र बंद करतां येतें.

तात्पर्य, खरेदीचा क्रम असा असावा: प्रथम डिस्का व यूपीएस, मग रॅम, आणि ग्राफिक कार्ड सर्वांत शेवटीं, तेंहि आधींच्या कामाच्या कमाईंतून. कर्ज काढावेंच लागलें तर हप्ता एवढाच असावा कीं श्रावण-भाद्रपदांतील तुटपुंज्या मिळकतींतूनहि तो फिटेल. मंद यंत्रामुळें फीत दोन दिवस उशिरां पोंचली तर गिऱ्हाईक रागावतें, आणि फीत पाहिल्यावर राग विसरतें. हरवलेल्या फितीबद्दल मात्र तें कधींच क्षमा करीत नाहीं, आणि तसें करण्याचें त्यास कारणहि नाहीं.